डून स्कूलमधील पर्वतभ्रमण आणि भारतीय गिर्यारोहणाचा आरंभ

(१)

भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासाची मांडणी करताना त्याचा आरंभ बहुधा २९ मे १९५३ ह्या दिवसापासून धरला जातो. त्या दिवशी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी ह्यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. पुढच्या वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. १९६५ मध्ये एम. एस. कोहली ह्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतील नऊ आरोहक एव्हरेस्टवर पोहोचले. ह्या तीन घटना एका रेषेत ठेवल्या म्हणजे भारतीय गिर्यारोहण हे स्वतंत्र भारताच्या शासनाने हाती घेतलेले आणि बव्हंशी सैन्यदलांच्या बळावर सिद्धीस गेलेले कार्य होय, असा ग्रह होतो.

हा ग्रह सर्वस्वी चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. भारतीय व्यक्तीच्या नेतृत्वाखाली हिमालयातील एक थोर शिखर सर झाले ते एव्हरेस्टच्या विजयाच्या दोन वर्षे आधी. ते शिखर त्रिशूल, साल १९५१. आणि मोहिमेचा नेता सेनाधिकारी नव्हता, तर डेहराडूनच्या एका निवासी शाळेत भूगोल शिकविणारा सत्तावीस वर्षांचा शिक्षक होता. त्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी पुढे दार्जिलिंगच्या संस्थेचा पहिला प्राचार्य झाला. हा निव्वळ योगायोग मानावा काय? की शासनाने ह्या कार्यात लक्ष घालण्यापूर्वी शालेय जीवनाच्या चौकटीत त्याची काही पूर्वतयारी होऊन गेली होती? तशी तयारी झाली असल्यास तिचे स्वरूप कोणते, तिने पुढील काळास काय दिले आणि तिच्या मर्यादा कोणत्या, ह्या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

निवासी शाळेत मैदानी जीवनाला महत्त्व देण्याची कल्पना मूळची इंग्लंडमधील पब्लिक स्कूलची, असे सामान्यतः म्हटले जाते. त्यात थोडा विवेक केला पाहिजे. रग्बी येथील प्रसिद्ध मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड (कार्यकाल १८२८ ते १८४२) ह्यांच्या नावाशी खेळांचा संबंध जोडला जातो खरा, परंतु त्यांचा स्वतःचा भर धर्म, नीती आणि वरिष्ठ विद्यार्थ्यांवर सोपविलेली जबाबदारी ह्यांवर होता. क्रिकेट आणि फुटबॉल ह्यांना शिक्षणाचे जवळजवळ मुख्य अंग बनविले ते त्यांच्या नंतरच्या पिढीने. ह्या सांघिक खेळांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. मैदानाला सीमा असते, खेळाला नियम असतात, आणि नियमभंग झाल्यास निर्णय देणारा पंच असतो. आज्ञा देणे आणि आज्ञा पाळणे ह्या दोन्हींचा अभ्यास अशा मैदानावर उत्तम होतो. साम्राज्याच्या कारभाराला लागणारी माणसे घडविण्यास तो उपयुक्तही ठरला.

ह्या मैदानी पंथाविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिक्रिया उमटली. १८८९ मध्ये सेसिल रेडी ह्यांनी ॲबट्सहोम येथे, व १८९३ मध्ये जे. एच. बॅडली ह्यांनी बीडेल्स येथे नव्या धर्तीच्या शाळा काढल्या. शेतीकाम, सुतारकाम आणि रानावनांतील हिंडणे ह्यांना तेथे अभ्यासक्रमात स्थान मिळाले. ॲबट्सहोमच्या अनुभवावरून हेर्मान लीट्स ह्यांनी १८९८ पासून जर्मनीत ग्रामीण निवासी शाळांची परंपरा सुरू केली. त्याच वळणाची पुढील शाळा म्हणजे १९२० मध्ये प्रिन्स माक्स ऑफ बाडेन आणि कुर्ट हान ह्यांनी सुरू केलेली सालेमची शाळा. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे हान ह्यांना १९३३ मध्ये अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. तेथील मुले समुद्रात होड्या चालवीत आणि किनाऱ्यावर पहारा देऊन संकटातील जहाजांची खबर ठेवीत. साहसाचे प्रयोजन दुसऱ्याचा जीव वाचविणे हे असावे, असा हान ह्यांचा आग्रह होता. १९४१ मध्ये वेल्समधील अबरडोवी येथे आउटवर्ड बाउंड ह्या नावाने जी अल्पकालीन शिक्षणपद्धती निघाली, तिचे मूळ ह्याच आग्रहात होते.

भारतात ह्या विचाराला पूर्वपीठिका होती, पण ती तुटक होती. राजकोटचे राजकुमार कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज व लाहोरचे एचिसन कॉलेज ह्या संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांत अश्वारोहण आणि क्रिकेट ह्यांचा थाट मोठा होता. डोंगराशी मात्र त्यांचा संबंध नव्हता. याहून महत्त्वाचे उदाहरण श्रीनगरचे. तेथील मिशन शाळेत १८९० च्या अखेरीस आलेले सी. ई. टिंडेल-बिस्को ह्यांनी काश्मिरी पंडितांच्या मुलांना पोहावयास, होडी वल्हवावयास आणि डोंगर चढावयास लावले. वल्हे हाती धरणे हे नावाड्याचे काम. ते ब्राह्मणाच्या मुलाने करणे त्या काळी हीनपणाचे मानले जाई. पूर, आग आणि पटकीची साथ अशा प्रसंगी हीच मुले मदतीला धावू लागली. परंतु ती दिवसाची शाळा होती आणि तिच्यामागे मिशनरी हेतू होता. म्हणून तिचे अनुकरण अन्यत्र फारसे झाले नाही.

ह्याशिवाय हिमालयाशी भारतीयांचा जो प्राचीन संबंध होता तो यात्रेचा. बदरी-केदाराच्या वाटेवर मराठी यात्रेकरूही शतकानुशतके चालत आले. काका कालेलकर ह्यांनी १९१२ मध्ये हिमालयात पायी प्रवास केला आणि पुढे त्याचे वर्णन गुजरातीत लिहिले; मराठी माणसाच्या हिमालयप्रेमाचे ते एक ठळक उदाहरण होय. परंतु यात्रेकरूचे गंतव्य देवालय असते आणि देवालय बहुधा नदीच्या खोऱ्यात असते. देवालयाच्या मागे उभ्या असलेल्या बर्फाच्या माथ्याला तो हात जोडतो. तेथे जाण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही. त्या माथ्यांकडे पाहण्याची दुसरी दृष्टी एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षण खात्याच्या आणि युरोपीय आरोहकांच्या द्वारे आली. ह्या दोन दृष्टींची गाठ जेथे पडली त्या ठिकाणांपैकी एक डेहराडून हे होते.

(३)

डून स्कूलची कल्पना कलकत्त्याचे विधिज्ञ आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे कायदेविषयक सदस्य सतीशरंजन दास ह्यांची. इंग्लंडमधील पब्लिक स्कूलचे गुण घ्यावे, पण शाळा भारतीय असावी आणि तिचे द्वार जातिधर्माच्या भेदाविना खुले असावे, अशी त्यांची योजना होती. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी ती योजना पुढे नेली. पूर्वी वनसंशोधन संस्थेकडे असलेली डेहराडूनमधील चांदबाग ही विस्तीर्ण, वृक्षांनी भरलेली जागा मिळाली आणि १० सप्टेंबर १९३५ रोजी शाळा सुरू झाली. पहिले मुख्याध्यापक ईटन येथे विज्ञान शिकविणारे आर्थर फूट हे होते. त्यांच्यानंतर १९४८ ते १९६६ पर्यंत मुख्याध्यापकपद जॉन मार्टिन ह्यांच्याकडे होते. ते हॅरोहून आलेले होते.

त्याच दशकात महाराष्ट्रात नाशिक येथे डॉ. बा. शि. मुंजे ह्यांच्या प्रयत्नाने भोसला मिलिटरी स्कूल १९३७ मध्ये सुरू झाले, ह्याची नोंद तुलनेसाठी करणे इष्ट आहे. दोन्ही शाळा निवासी, दोन्ही ठिकाणी मुलांच्या शरीराची आणि धैर्याची चिंता. पण नाशिकच्या शाळेचा आदर्श सैनिकाचा होता, डेहराडूनच्या शाळेचा आदर्श नागरी नेतृत्वाचा. अर्थातच धैर्याचे शिक्षण एके ठिकाणी कवायत, अश्वारोहण आणि नेमबाजी ह्यांच्या द्वारे, तर दुसऱ्या ठिकाणी हळूहळू पर्वताच्या द्वारे होऊ लागले.

‘हळूहळू’ हा शब्द येथे हेतुपूर्वक योजला आहे. शाळा काढताना गिर्यारोहक घडवावे असे कोणाच्या मनात नव्हते. ते घडले ते स्थान आणि माणसे ह्यांच्या संयोगाने. स्थानाविषयी सांगावयाचे तर डेहराडून समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर आहे. उत्तरेला लगेच मसुरीची रांग उभी राहते. त्या रांगेवर चढले की यमुना आणि टोन्स ह्यांची खोरी आणि त्यांच्यापलीकडे बंदरपूंछची हिमशिखरे दिसू लागतात. माणसांविषयी सांगावयाचे तर शाळेच्या पहिल्या अध्यापकवर्गात पर्वतांची ओढ असलेली तीन माणसे एकत्र आली: मुख्याध्यापक होण्यापूर्वी साधे शिक्षक असलेले मार्टिन, १९३७ मध्ये आलेले जॅक गिब्सन, आणि काही वर्षांनी दाखल झालेले आर. एल. होल्ड्सवर्थ. ह्यांपैकी होल्ड्सवर्थ हे १९३१ मध्ये फ्रँक स्माइथ ह्यांच्या कामेट मोहिमेत होते. २५,४४७ फूट उंचीच्या त्या शिखरावर २१ जून १९३१ रोजी स्माइथ, एरिक शिप्टन आणि शेर्पा लेवा ह्यांच्यासह ते पोहोचले. मनुष्याने तोपर्यंत चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते. असा अनुभव असलेला मनुष्य वर्गात शिकवीत असे आणि सुट्टीत मुलांबरोबर डोंगरात जात असे, ही गोष्ट त्या काळातील अन्य कोणत्याही भारतीय शाळेच्या वाट्यास क्वचितच आली असेल.

(४)

शाळेतील पर्वतभ्रमणाचे दोन थर होते. पहिला थर सर्व विद्यार्थ्यांसाठी होता. सत्राच्या मध्यावर चार-पाच दिवसांची सुट्टी येई. तिला शाळेत ‘मिड-टर्म’ असेच म्हणत. ह्या सुट्टीत मुले घरी न जाता लहान लहान गटांनी डोंगरात जात. धाकट्या मुलांबरोबर शिक्षक असत. वरच्या वर्गांतील मुले स्वतःच्या जबाबदारीवर जात. नकाशा पाहून मार्ग ठरविणे, खर्चाचा अंदाज करणे, शिधा मोजून घेणे, ओझ्याची वाटणी करणे, मुक्कामाच्या जागी चूल मांडणे आणि भांडी घासणे ही सर्व कामे गटाने करावयाची असत.

ह्या वरवर सामान्य दिसणाऱ्या व्यवस्थेत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे, डून स्कूलमधील मुले प्रायः सुस्थितीतील घरांची होती. त्या घरांत पाणी आणून देणारा, अन्न शिजविणारा आणि भांडी घासणारा मनुष्य निराळा असे आणि त्या निराळेपणामागे जातीची उतरंड असे. डोंगरातील मुक्कामात ही उतरंड निदान चार दिवस निरुपयोगी ठरत असे. श्रीनगरच्या शाळेत वल्ह्याने जे केले तेच येथे चुलीने आणि पाठीवरच्या ओझ्याने केले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. क्रिकेटच्या मैदानावर निर्णय पंचाचा असतो. डोंगरात पंच नसतो. दुपारी आभाळ भरून आले तर पुढे जावे की परतावे, हे सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या सोबत्यांशी बोलून ठरवावयाचे असते आणि निर्णय चुकल्यास त्याचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो. आज्ञापालनापेक्षा विवेकाला अधिक वाव देणारे हे शिक्षण होते. साम्राज्याच्या सेवकापेक्षा स्वतंत्र देशाच्या नागरिकाला ते अधिक आवश्यक होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दुसरा थर थोड्यांसाठी होता. दीर्घ सुट्टीत गिब्सन, मार्टिन आणि होल्ड्सवर्थ हे स्वतः उंच पर्वतात जात आणि निवडक मोठ्या किंवा माजी विद्यार्थ्यांना बरोबर घेत. ह्या मोहिमांचे लक्ष्य दीर्घकाळ एकच होते: बंदरपूंछ, उंची २०,७२० फूट. १९३७ मध्ये गिब्सन आणि मार्टिन ह्यांनी पहिला प्रयत्न केला. १९४६ मध्ये दुसरा झाला. त्यात गिब्सन, होल्ड्सवर्थ आणि मेजर मन्रो ह्यांच्याबरोबर शाळेचे माजी विद्यार्थी नरेंद्रधर ऊर्फ नंदू जयाल होते. ते तोवर सैन्याच्या बेंगाल सॅपर्स ह्या अभियंता दलात अधिकारी झालेले होते. दोन्ही वेळा शिखर हाती लागले नाही. अखेरीस १९५० मध्ये गिब्सन ह्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतील तेनसिंग नोर्गे, सार्जंट रॉय ग्रीनवुड आणि शेर्पा किन चोक शेरिंग हे बंदरपूंछच्या माथ्यावर पोहोचले.

पहिल्या प्रयत्नापासून यशापर्यंत तेरा वर्षे लागली. ह्या तेरा वर्षांत दुसरे महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. तरीही तीच माणसे त्याच शिखराकडे पुनःपुन्हा जात राहिली. ह्या चिकाटीत विक्रमाची हाव दिसत नाही. शाळेच्या दृष्टिपथात असलेल्या पर्वताशी आपला परिचय पूर्ण करावा, एवढीच तिची प्रेरणा असावी. लहान तुकडी, अल्प खर्च, परस्परांशी स्नेह असलेली माणसे आणि अपयश आल्यास मुकाट्याने परत फिरण्याची तयारी, ही ह्या मोहिमांची लक्षणे होती. शिप्टन आणि टिलमन ह्यांनी १९३४ मध्ये ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अंतर्भागात प्रवेश केला तो अशाच रीतीने. डून स्कूलच्या शिक्षकांनी ब्रिटिश गिर्यारोहणाच्या दोन परंपरांपैकी मोठ्या, सैनिकी थाटाच्या एव्हरेस्ट मोहिमांची परंपरा न उचलता ही दुसरी, साधी परंपरा उचलली. तिचा परिणाम दूरगामी झाला.

(५)

गुरुदयाल सिंग ह्यांचा जन्म १९२४ मधील. ते डून स्कूलचे विद्यार्थी नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास ते तेथे भूगोलाचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि शिकवीत असतानाच पर्वताची विद्या शिकले. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेच्या परंपरेने मुलांबरोबर शिक्षकही घडविले, आणि ती परंपरा इंग्रज शिक्षकांच्या हातून भारतीय शिक्षकाच्या हाती गेली ती शाळेच्या नित्य व्यवहारातच.

१९५१ च्या उन्हाळ्यात गुरुदयाल सिंग ह्यांनी त्रिशूलची मोहीम काढली. २३,३६० फूट उंचीच्या ह्या शिखरावर १९०७ मध्ये डॉ. टॉम लाँगस्टाफ हे आल्प्समधील ब्रॉकरेल बंधू आणि गुरखा कर्बीर ह्यांच्यासह प्रथम पोहोचले होते. १९५१ च्या तुकडीत गुरुदयाल सिंग, ग्रीनवुड, सुरेंद्र लाल आणि नलिनीधर जयाल एवढेच सदस्य आणि त्यांच्या जोडीस शेर्पा होते. २३ जून १९५१ रोजी गुरुदयाल सिंग, ग्रीनवुड आणि शेर्पा दावा थोंडुप शिखरावर पोहोचले. तेथे गुरुदयाल सिंग ह्यांनी शीर्षासन केले. शिखरावर निशाण रोवण्याची रीत प्रस्थापित झालेली असताना एका भूगोलशिक्षकाने तेथे योगासन करावे, ही घटना गंमत म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात एक अर्थ आहे. यात्रेकरूची दृष्टी आणि आरोहकाची दृष्टी ह्यांची जी गाठ पडावयाची होती ती येथे पडली. पर्वत जिंकण्याची भाषा त्या कृतीत नाही.

त्रिशूलची मोहीम ही भारतीय गिर्यारोहणाचा खरा आरंभबिंदू मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे, आणि तो सयुक्तिक आहे. तत्पूर्वी भारतीय माणसे हिमालयातील मोहिमांत होती. परंतु मोहिमेची कल्पना, आखणी, खर्च आणि नेतृत्व ही सर्व भारतीयाच्या हाती असावीत आणि ती मोहीम एका थोर शिखरावर यशस्वी व्हावी, असे प्रथमच घडले.

तथापि ह्या कथेचा एक भाग नेहमी मंद स्वरात सांगितला जातो, तो शेर्पांचा. बंदरपूंछच्या प्रयत्नांत आरंभापासून तेनसिंग होते. १९५० मध्ये शिखरावर पोहोचलेल्या तिघांपैकी दोघे शेर्पा होते. १९५१ मध्ये तिघांपैकी एक. शिक्षकांनी मुलांना डोंगराचे प्रेम दिले. बर्फात पायऱ्या कोरणे, दोर सांभाळणे आणि हिमनदीच्या भेगा ओळखणे ह्या विद्येचा मोठा वाटा मात्र पगारावर आलेल्या ह्या माणसांकडे होता. एव्हरेस्टच्या विजयापूर्वी तेनसिंग ह्यांचे नाव थोड्यांनाच ठाऊक होते. डून स्कूलच्या शिक्षकांना ते सोळा वर्षे ठाऊक होते. शाळेच्या परंपरेचे श्रेय वाटताना हा हिस्सा वगळला तर इतिहास एकांगी होतो. चुलीपाशी उतरंड मोडली होती. दोरावर ती पूर्णपणे मोडली नव्हती.

(६)

१९५४ नंतर चित्र पालटले. एव्हरेस्टच्या यशाने देशभर उत्साह संचारला आणि पंडित जवाहरलाल नेहरूंच्या पुरस्काराने दार्जिलिंगची संस्था उभी राहिली. स्विस मार्गदर्शक आर्नोल्ड ग्लाटहार्ड ह्यांच्या हाताखाली तेनसिंग आणि अन्य शेर्पांनी स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणपद्धतीचे धडे घेतले. तेनसिंग हे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक झाले आणि नंदू जयाल पहिले प्राचार्य. ज्या विद्येसाठी शेर्पा पूर्वी रोजंदारीवर येत, ती शिकविण्यासाठी त्यांना गुरूचे आसन मिळाले, हा ह्या संस्थेचा एक मोठा गुण मानला पाहिजे. जयाल ह्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने १९५५ मध्ये कामेटचे शिखर गाठले; होल्ड्सवर्थ जेथे १९३१ मध्ये उभे राहिले होते तेथे चोवीस वर्षांनी त्यांच्याच शाळेचा माजी विद्यार्थी उभा राहिला.

१९५८ च्या चो ओयू मोहिमेत मुंबईचे वकील केकी बुनशा हे नेते होते. १५ मे १९५८ रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा ह्यांनी ते शिखर गाठले. भारतीय मोहिमेने आठ हजार मीटरांवरील शिखर गाठण्याचा तो पहिला प्रसंग होय. परंतु त्याच मोहिमेत शिखराच्या यशापूर्वीच, एप्रिलच्या अखेरीस, नंदू जयाल ह्यांचा मृत्यू झाला. शालेय परंपरा आणि शासकीय परंपरा ह्यांना जोडणारा मुख्य दुवा अशा प्रकारे अकाली तुटला.

गिब्सन ह्यांचे कार्यही शाळेबाहेर पसरले. १९४९ मध्ये डेहराडून येथे सुरू झालेल्या जॉइंट सर्व्हिसेस विंगचे ते पहिले प्राचार्य होते. हीच संस्था पुढे सिंहगडाच्या परिसरात, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणून स्थिर झाली. नंतर १९५४ पासून १९६९ पर्यंत ते अजमेरच्या मेयो कॉलेजचे प्राचार्य होते. गुरुदयाल सिंग मात्र शाळेतच राहिले आणि लहान तुकड्यांची रीत त्यांनी सोडली नाही. १९५८ मध्ये २२,४९० फूट उंचीच्या मृगथुनीवर त्यांच्या तुकडीने प्रथम आरोहण केले आणि १९६१ मध्ये देविस्तान व मैकतोली ह्या शिखरांवरही त्यांची तुकडी पोहोचली. १९६२ आणि १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमांतही ते सदस्य होते.

ह्यावरून दिसते की १९५४ नंतरच्या दशकात भारतीय गिर्यारोहणात दोन रीती एकाच वेळी नांदत होत्या. एकीत शासनाचा निधी, सैन्यदलांची साधनसामग्री, शेकडो भारवाहक आणि राष्ट्रीय प्रतिष्ठेचे ओझे. दुसरीत चार मित्र, काही शेर्पा आणि सुट्टीचे मोजके दिवस. पहिल्या रीतीने वृत्तपत्रांची पहिली पाने मिळविली. दुसरीने अज्ञात खोऱ्यांचा परिचय करून दिला आणि पर्वतावर माणसाने कसे वागावे ह्याचा पाठ घालून दिला. एव्हरेस्टची मोहीम अयशस्वी झाली तर ते राष्ट्राचे अपयश ठरे. मृगथुनीवरून परत फिरावे लागले असते तर तो केवळ चार माणसांचा शहाणपणा ठरला असता. परत फिरण्याचे हे स्वातंत्र्य हाच शालेय पर्वतभ्रमणाचा खरा वारसा होय.

(७)

ह्या परंपरेवर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केल्यावाचून मूल्यमापन पुरे होत नाही.

पहिला आक्षेप असा की हे सारे इंग्रजी पब्लिक स्कूलचे अनुकरण होते. मुख्याध्यापक ईटनचे, शिक्षक हॅरोचे, सत्रे आणि वसतिगृहे इंग्रजी धर्तीची. तेव्हा ह्यात भारतीय ते काय? ह्याचे उत्तर पूर्वीच्या विवेचनात येऊन गेले आहे. इंग्लंडमधील त्या काळच्या पब्लिक स्कूलमध्ये प्रतिष्ठा मैदानाची होती, पर्वताची नव्हती. तेथील शिक्षकांनी डेहराडूनला आल्यावर जे केले ते आपल्या मूळ शाळांत केले नव्हते. हिमालय दाराशी असल्यावाचून ते घडलेच नसते. गॉर्डनस्टनशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. दोन्ही शाळा एका वर्षाच्या अंतराने निघाल्या. दोन्हींनी निसर्गाला गुरू केले. हान ह्यांच्यापाशी आरंभापासून सिद्धांत होता आणि त्यांनी त्याला अनुरूप समुद्र शोधला. डून स्कूलपाशी पर्वत होता. त्याला अनुरूप शिक्षण पुढे अनुभवातून घडत गेले. म्हणूनच हान ह्यांची पद्धत जगभर नेता आली आणि डून स्कूलची रीत मुख्यतः माणसांच्या द्वाराच पसरली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे पूर्ण निराकरण होऊ शकत नाही. ही संधी कोणाला मिळाली? ज्यांना शुल्क परवडे अशा कुटुंबांतील मुलग्यांना. ज्या गढवालच्या खोऱ्यांतून ही मुले हिंडली, त्या खोऱ्यांतील शेतकऱ्याच्या मुलाला, मग मुलीची गोष्ट दूरच, ह्या शिक्षणात स्थान नव्हते. त्याचा संबंध आलाच तर तो भारवाहक म्हणून येई. हे द्वार उघडले ते शासनाच्या संस्थांनी. १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. त्याच उत्तरकाशीच्या परिसरातील नाकुरी गावच्या बचेंद्री पाल ह्यांनी त्या संस्थेत शिक्षण घेतले आणि २३ मे १९८४ रोजी त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. डून स्कूलच्या मुलांनी ज्या पर्वतांकडे पाहुणे म्हणून पाहिले, त्यांच्या पायथ्याशी जन्मलेल्या मुलीला त्यांच्यावर चढण्याचा अधिकार मिळावयास अर्धे शतक जावे लागले. लहान तुकडीची रीत मोठ्या थाटाच्या मोहिमांपेक्षा श्रेष्ठ होती असे म्हणताना ही बाजू विसरता येत नाही. शासनाच्या शिक्षणक्रमांमुळे पर्वताची विद्या शाळेच्या भिंतींबाहेर गेली. काही अंशी तिचे रूपांतर अभ्यासक्रम, दर्जा आणि प्रमाणपत्र ह्यांत झाले हे खरे असले तरी तिची व्याप्ती वाढली हे त्याहून खरे आहे.

दोन्ही बाजू तोलून पाहता निष्कर्ष असा निघतो. भारतीय गिर्यारोहणाला शासनाने देह दिला: संस्था, निधी, साधने आणि सर्वांसाठी प्रवेश. त्याला वृत्ती मात्र काही अंशी एका निवासी शाळेने आधीच दिलेली होती. आपला मार्ग आपण आखणे, आपले ओझे आपण वाहणे, सोबत्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळविणे आणि आभाळ फिरले तर लज्जा न बाळगता परतणे, हे त्या वृत्तीचे घटक होत. शिक्षणाच्या इतिहासात वर्गातील पाठ्यक्रमाची चिकित्सा बारकाईने होते. सुट्टीतील चार दिवसांची नोंद बहुधा अवांतर कार्यक्रम म्हणून एका ओळीत संपते. चांदबागेतील मुलांच्या त्या चार दिवसांनी जे घडविले ते पाहता, निवासी शाळांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने मिड-टर्मच्या वह्या, शिध्याचे हिशेब आणि शेर्पांच्या आठवणी ह्या साधनांकडे वर्गातील पाठ्यपुस्तकांइतक्याच आदराने पाहिले पाहिजे.